वॉशिंग मशीनचं बेअरिंग गेलंय: दुरुस्त करू की नवीन घेऊ?

मंजिरी_करवंद

मंडळी, सल्ला हवाय.

आमचं फ्रंट लोड मशीन २०१५ सालचं, साडेसहा किलोचं. गेल्या महिन्यापासून पिळायला लागलं की विमान उडाल्यासारखा आवाज येतो. आधी वाटलं खिशातलं एखादं नाणं आत गेलं असेल. फिल्टर उघडला तर हेअरपिना आणि मुलाची खोडरबरं निघाली, आवाज मात्र तसाच. आता पांढऱ्या कपड्यांवर तपकिरी, तेलकट डाग पडायला लागलेत.

कंपनीचा माणूस येऊन गेला. (कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच त्यावरून धागा पेटायला नको.) त्याने ड्रम हाताने वर-खाली हलवला आणि म्हणाला, "मॅडम, बेअरिंग गेलं. आमच्याकडे सुटं बेअरिंग येत नाही, पूर्ण टब बदलावा लागेल." टब, मजुरी, जीएसटी सगळं धरून ११,५०० रुपये. जाता जाता हेही ऐकवलं की एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करू नका, एक्स्चेंजमध्ये २,००० मिळतील.

आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, टब कापून बेअरिंग बदलून देतो, ४,५००, सहा महिन्यांची गॅरंटी. तेवढ्याच मापाचं नवीन ३४,००० च्या आसपास बसतंय.

घरात तीन माणसं, तीन मतं. नवरा म्हणतो नवीन घे. सासूबाई म्हणतात सेमी-ऑटोमॅटिक घे, कपडे धुतले जाताना डोळ्यांना दिसतात तरी. आणि मला बाकीचं मशीन ठणठणीत असताना टाकायचं जिवावर येतंय. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. काय करावं?

---

बदला_राव

नवीन घ्या. दहा वर्षं झाली, पैसे कधीच वसूल झालेत. आज बेअरिंग, उद्या पंप, परवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. मी अशा चक्रात अडकलेले लोक पाहिलेत. प्रत्येक वेळी "आता एवढाच खर्च" म्हणत नव्या मशीनचे पैसे जुन्यात घालतात.

---

गप्पिष्ट_गौरी

+१. आणि सेलची वाट बघा, दसरा-दिवाळीला बरीच सूट असते.

---

तात्या_पाना

मंजिरी, घाई करू नका. नेमकं काय गेलंय ते आधी समजून घ्या, मग आकडे बघू. कारखान्यात मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं माझं, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मशीनं अजूनही उघडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कपडे ज्यात घालता तो स्टीलचा ड्रम. तो एका मोठ्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये फिरतो. ड्रमच्या पाठीला ॲल्युमिनियम मिश्रधातूचा तीन हातांचा भाग बसवलेला असतो, त्याला स्पायडर म्हणतात. स्पायडरच्या मधोमध स्टीलचा शाफ्ट. हा शाफ्ट टबच्या पाठीत बसवलेल्या दोन बेअरिंगवर (आत पोलादी गोळ्या असलेल्या कड्यांवर) फिरतो, आणि पाणी बेअरिंगपर्यंत पोचू नये म्हणून आतल्या बाजूला रबराचं ऑइल सील असतं.

बहुतेक वेळा बेअरिंग आपण होऊन जात नाही. आधी सील झिजतं. मग साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन निघतं, गोळ्यांना गंज धरतो आणि आवाज सुरू होतो. तुमच्या कपड्यांवरचे तेलकट डाग म्हणजे तेच ग्रीस आणि गंज. डाग पडतायत म्हणजे सील जाऊन बरेच दिवस झालेत.

खुद्द बेअरिंग स्वस्त असतं. ६२०५, ६२०६ असे नंबर त्याच्या कडेवरच कोरलेले असतात, पंपाच्या मोटरीतही हीच वापरतात. पुण्यात नाना पेठेत कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतील, चांगल्या मेकची दोन मिळून हजाराच्या आत. सील दोनशे-तीनशे. महाग आहे ते तिथपर्यंत पोचणं. अख्खं मशीन खोलावं लागतं: वरचं झाकण, सिमेंटची वजनं, दरवाज्याचं रबर, शॉकअप (टबचे धक्के झेलणारे दांडे), हीटरच्या वायरी, मग टब बाहेर. आणि बऱ्याच कंपन्या टबचे दोन भाग स्क्रूने न जोडता वितळवून चिकटवतात. कंपनीचा माणूस "पूर्ण टब" म्हणाला तो यासाठीच. तो खोटं बोलत नाहीये, त्याच्या यादीत सुटं बेअरिंग हा भागच नसतो.

आता खरी मेख स्पायडरमध्ये आहे. ॲल्युमिनियम आणि स्टील पाण्यात एकमेकांना चिकटून असले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्यात आपली साबणपूड अल्कधर्मी, पाणी जड. स्पायडरच्या खाचांत साबणाचा चिखल साठतो आणि आतून धातू पोखरतो. स्पायडर चांगला असेल तर बेअरिंग बदलणं फायद्याचं. स्पायडर सडला असेल तर नवीन बेअरिंग घालून काही उपयोग नाही, एक दिवस पिळताना हात तुटतो आणि ड्रम टबला भोक पाडतो.

घरी एवढं करून बघा. दरवाजा उघडून ड्रमची वरची कड धरा आणि उचला. खटखट हलला तर बेअरिंग. मग ड्रम हाताने सावकाश एक फेरा फिरवा आणि ड्रमची कड व दरवाज्याचं रबर यांच्यामधल्या फटीकडे नजर ठेवा. फट सगळीकडून सारखी राहिली तर बरं. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद होत फिरली तर स्पायडर किंवा शाफ्टचं दुखणं.

तोवर मशीन लावावंच लागलं तर पिळण्याचा वेग ४०० वर (मिनिटाला ४०० फेरे) ठेवा.

---

मंजिरी_करवंद

तात्या, किती छान समजावलंत! आत्ताच पाहून आले. उचलला की खटखट आहे. फट मला तरी सारखी वाटली, नवऱ्याला "किंचित" फरक वाटला. त्याला नवीन घ्यायचंय हे लक्षात घ्या. 😀

---

हिशेबनीस

भावनांना बाजूला ठेवून आकडे मांडतो.

नवीन ३४,००० चं, दहा वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ३,४०० पडले. म्हणजे जुनं मशीन जितकी वर्षं पुढे ढकलता येईल तितके ३,४०० दर वर्षी वाचतात. दुरुस्तीच्या रकमेला ३,४०० ने भागा, ती दुरुस्ती किमान किती टिकायला हवी ते निघेल.

मेकॅनिकचे ४,५००: एक वर्ष चार महिने.
कंपनीचे ११,५००: जवळजवळ साडेतीन वर्षं.

पहिला जुगार खेळण्यासारखा आहे, दुसरा नाही. एक्स्चेंजचे २,००० यात धरलेले नाहीत, कारण दुकानदार ते पुढच्या वर्षीही देईल. मशीन चालू आहे की बंद, हे तो सहसा विचारतसुद्धा नाही.

लोक "दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपेक्षा जास्त असेल तर बदला" हा नियम सांगतात. मला तो ढोबळ वाटतो. ३४,००० चे निम्मे १७,०००. दहा वर्षांच्या मशीनवर १७,००० घालायचे? अजिबात नाही. दोन वर्षांच्या मशीनवर मात्र घालेन.

---

बदला_राव

हिशेबात वीज कुठे आहे? नव्या मशीनना इन्व्हर्टर मोटर असते, पाच तारे असतात.

---

हिशेबनीस

@बदला_राव, वॉशिंग मशीनमध्ये मोटर फारसं काही खात नाही, खातो तो हीटर. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला ०.६ युनिट लागतं, मशीन जुनं असो वा नवं. पाण्याला तारे दिसत नाहीत. आणि मंजिरीताई बहुतेक थंड पाण्यावरच धूत असतील.

फ्रिज असता तर तुमचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. तो चोवीस तास चालतो. जुना फ्रॉस्ट-फ्री फ्रिज वर्षाला चारशे-साडेचारशे युनिट घेत असेल आणि नवा दोनशे-अडीचशे, तर वर्षाला दोनशे युनिट म्हणजे आमच्याकडच्या दराने दोन हजारांच्या वर रुपये वाचतात. तिथे वीज हिशेबात धरायलाच हवी. शिवाय ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे २०१२ सालचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत.

---

कृष्णाकाठ

अवांतर: फ्रिजचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या फ्रिजचा गॅस सारखा जातोय. भरला की चार-सहा महिने चालतो, परत थंड होत नाही. दर वेळी अडीच-तीन हजार. कंप्रेसर चांगला आहे म्हणतात.

---

तात्या_पाना

@कृष्णाकाठ, गॅस "संपत" नसतो. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो, पेट्रोलप्रमाणे जळत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता भरणारा माणूस तुमच्याकडून वर्गणी घेतोय. त्याला आधी विचारा, गळती कुठे आहे? मागच्या उघड्या नळीत किंवा जोडावर असेल तर झाळून बंद होते, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी नळकांडी) बदलायचा, व्हॅक्यूम करायचा, मग गॅस. हे रीतसर केलं तर पुढे वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. पण गळती भिंतीच्या आत, फोममध्ये असेल तर तो फ्रिज सोडून द्या. बाहेरून वेगळी नळ्यांची जाळी लावून देणारे आहेत, मी त्या वाटेला जात नाही.

आणि फ्रिजच्या पाटीवर आर ६००ए लिहिलं असेल तर तो ज्वलनशील गॅस असतो. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी चालू ठेवून काम करू देऊ नका.

---

कृष्णाकाठ

धन्यवाद तात्या. "वर्गणी" शब्द काळजाला लागला. 😂

---

लातूरची_लेक

मी सासूबाईंच्या बाजूने. आमच्या गावाकडं सेमी-ऑटोमॅटिकच चालतंय. त्याच्यात बिघडण्यासारखं काय आहे? दोन मोटरी, बेल्ट, टायमर, कपॅसिटर. तालुक्याच्या गावातला पंप दुरुस्त करणारा पोरगासुद्धा नीट करून देतो. बोर्ड जळला, एरर कोड आला, हे प्रकारच नाहीत.

दुसरं म्हणजे पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आम्ही पाहिलंय. त्या दिवसांत फुल ऑटोमॅटिक टॉप लोड लोकांनी झाकून ठेवले होते. सेमीत शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीत काढून पुढच्या घाण्याला, नाहीतर फरशीला वापरता येतं. नळ दिवसाआड येतो तिथं मशीन नळाला जोडून काय करायचं?

---

बदला_राव

ताई, पण पुण्यात नोकरी करणाऱ्या माणसाने मशीनशेजारी उभं राहून कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकायचे? फ्रंट लोडला पाणी सगळ्यात कमी लागतं, हेही विसरू नका.

---

लातूरची_लेक

@बदला_राव, कमी लागतं हे मान्य. पण टाकीला दाब नसला की तेही भरत नाही न्हवं. आमच्या बहिणीच्या घरी टाकी डोक्यावरच्याच स्लॅबवर, मशीन तासभर नुसतं पाण्याची वाट बघत बसतं.

---

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. आमच्या घरापासून समुद्राची खाडी जवळ. इथे प्रश्न वेगळाच असतो: आतलं सगळं चांगलं आणि बाहेरचा पत्रा खालून कुजून गेलेला. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. पाय ठेवायची पट्टी गंजून गेली की मशीन नीट उभंच राहत नाही, पिळताना चालायला लागतं. तिथे बेअरिंग-बिअरिंगवर खर्च करण्यात अर्थ नसतो. मंजिरी, खालचा पत्रा एकदा टॉर्च लावून बघून घ्या. आणि अर्थिंग तपासा; गंजलेल्या, ओल्या मशीनला हात लावून झटका बसल्याचे प्रकार इथे ऐकलेत.

---

राइनकाठची_रेवती

जर्मनीतून. इथे मेकॅनिक घरी नुसता येऊन बघून गेला तरी इतके पैसे लागतात की लोक दुरुस्तीच्या नावानेच हात झटकतात. म्हणून युरोपीय संघाने नियम केलाय: १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे मुख्य सुटे भाग, त्या मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षं मिळालेच पाहिजेत, आणि मागणी केल्यावर १५ कामाच्या दिवसांत पोचले पाहिजेत. दरवाज्याचं रबर, बिजागरी असले भाग ग्राहकालाही थेट मिळतात. मोटर, पंप, स्पायडर, बेअरिंग हे व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना.

पण गंमत बघा. ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग यांच्यापुढे "सुटे किंवा एकत्रित" अशी मुभा ठेवलीय. त्यामुळे इथेही "बेअरिंग हवंय? घ्या अख्खा टब" चालूच आहे. मंजिरीला जे उत्तर कोथरूडमध्ये मिळालं तेच मला इथे मिळालं असतं.

फ्रान्सने २०२१ पासून यंत्रावर दुरुस्तीचे दहापैकी गुण छापायला लावले, फ्रंट लोड मशीन पहिल्या यादीतच होतं. त्यात सुट्या भागांची किंमतही मोजतात, हे मला आवडलं. भाग मिळतो पण नव्या यंत्राच्या एकतृतीयांश किमतीला मिळतो, तर तो मिळून न मिळाल्यातच जमा.

---

मंजिरी_करवंद

रेवती, मी कर्वेनगर! 😀 पण मुद्दा पोचला.

आपल्याकडे असं काही आहे का?

---

कायदेपंडित_नव्हे

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, राइट टू रिपेअरचं संकेतस्थळ सुरू केलं. कंपन्यांनी तिथे दुरुस्तीची, सुट्या भागांची, वॉरंटीची माहिती एका जागी द्यावी अशी कल्पना. ते ऐच्छिक आहे, दहा वर्षं भाग ठेवाच अशी सक्ती त्यात नाही. वॉरंटीतल्या यंत्रावर टोलवाटोलवी झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, त्याचा उपयोग होतो. तुमचं यंत्र वॉरंटीबाहेर, तिथे भावावर घासाघीस हाच कायदा.

वॉरंटीवरून आठवलं. नवीन घेणाऱ्यांनी "मोटरवर १० वर्षं वॉरंटी" हे स्टिकर बघून भुलू नये. ती फक्त मोटरवर असते. बोर्ड, पंप, टब, मजुरी, येण्याजाण्याचा आकार, सगळं दोन वर्षांनंतर (काहींचं तीन-चार) तुमच्या खिशातून. आणि मोटर हा त्या यंत्रातला सगळ्यात कमी बिघडणारा भाग. स्टिकर उगाच तिथे चिकटवत नाहीत.

---

बदला_राव

बरं, समजा बेअरिंग बदललं. बोर्ड गेला तर? दहा वर्षं जुन्या मॉडेलचा बोर्ड मिळतो?

---

तात्या_पाना

@बदला_राव, प्रश्न रास्त आहे. एवढ्या जुन्या मॉडेलचा नवा बोर्ड मिळेलच असं नाही, मिळाला तर पाच ते नऊ हजार. तेव्हा मीही म्हणेन, सोडा. पण बोर्ड म्हणजे एकसंध दगड नव्हे. त्यावरची एखादी रिले, कपॅसिटर किंवा ट्रायॅक जातो, तेवढाच बदलून देणारी मुलं तपकीर गल्लीत आहेत. दीड-दोन हजारांत काम होतं. झालं तर झालं.

माझ्या मनातली यादी अशी. पंप, इनलेट व्हॉल्व्ह, दरवाज्याचं रबर, बेल्ट, शॉकअप, कार्बन ब्रश, हीटर: हे झिजायचेच भाग आहेत, ते गेले म्हणून मशीन टाकणारा माणूस मला समजत नाही. बेअरिंग: बाकी प्रकृती बघून. बोर्ड: एकदा दुरुस्त करून बघा. टबला तडा, सडलेला स्पायडर जो कुठे मिळत नाही, कुजलेला पत्रा: नमस्कार करा.

मंजिरी, त्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला काम देण्याआधी एवढं विचारा:

टब कापण्याआधी शिवणीच्या कडेने स्क्रूसाठी भोकं पाडून घेणार ना? आधी कापून मग भोकं पाडली की दोन भाग सरळ बसत नाहीत, गळतं. जोडताना सिलिकॉन कुठलं लावणार, आणि ते सुकायला रात्रभर ठेवणार की लगेच पाणी भरून दाखवणार? (लगेच म्हणाला तर दुसरा बघा.) सील जिथे घासतं तिथे शाफ्टवर पितळी बुश असतो, त्यावर खाच पडली असेल तर नवीन सीलही टिकत नाही, तो बघणार का? जुनी बेअरिंग परत देणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उघडल्यावर स्पायडर खराब निघाला तर काम थांबवून तुम्हाला दाखवणार का, आणि तिथेच थांबलो तर किती पैसे घेणार? हे शेवटचं आधी ठरलं नाही तर टब कापून पडलेला असतो आणि तो म्हणेल ते द्यावं लागतं.

ही उत्तरं ऐकूनच माणूस किती पाण्यात आहे ते कळेल.

---

गप्पिष्ट_गौरी

तात्या, तुम्ही वेगळा धागा काढा हो. निवडक दहात टाकला हा प्रतिसाद.

रच्याकने (बाय द वे), आईचा १९८० च्या दशकातला मिक्सर अजून चालू आहे. दर एक-दोन वर्षांनी रबराचा कपलर आणि कधीतरी कार्बन. माझे लग्नानंतरचे दोन मिक्सर भंगारात गेले.

---

बदला_राव

गौरी, तुमचं +१ माझ्या प्रतिसादाला होतं ना? 🙄

---

गप्पिष्ट_गौरी

हो ना, पण तात्यांनी आता वळवलं मला. दिवे घ्या (हलकंच घ्या).

---

मंजिरी_करवंद

अपडेट देते.

तात्यांचे प्रश्न कागदावर लिहून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले. तो पहिल्या दोन प्रश्नांतच वैतागला, "मॅडम, तुम्हीच करा मग" म्हणाला. सोसायटीतल्या एका काकूंनी वारज्याचा दुसरा माणूस सुचवला. याने सगळं शांतपणे ऐकलं, भोकं आधीच पाडतो म्हणाला, आणि स्वतःहून सांगितलं की स्पायडर बघितल्याशिवाय पूर्ण भाव सांगणार नाही. उघडून थांबलो तर १,२००. बेअरिंग, सील, मजुरी मिळून ५,०००. स्पायडर लागला तर त्याचे वेगळे.

टब त्याच्या दुकानात नेला. काल संध्याकाळी फोटो पाठवले. सील पार फाटलेलं, मागच्या बेअरिंगच्या गोळ्या लाल. आणि स्पायडरच्या तीन हातांपैकी एकावर खड्डे पडलेत, पांढरी पूड जमलीय. बाकीचे दोन ठीक वाटतात. तो म्हणतो, "अजून दोन वर्षं जाईल, पण मी लिहून देणार नाही." नवीन स्पायडर २,३०० ला मिळतोय, कंपनीचा नाही, पण मापाचा.

म्हणजे एकूण ७,३००. आता काय?

---

हिशेबनीस

७,३०० भागिले ३,४००: दोन वर्षं दोन महिने टिकलं की पैसे फिटले. स्पायडर, बेअरिंग, सील तिन्ही नवीन असतील तर ती बाजू दोन वर्षांत जाणार नाही. दुसरं काही जाण्याचा धोका आहेच. मी असतो तर केलं असतं, पण हातचं राखून म्हणतो.

---

बदला_राव

४,५०० चे ७,३०० झालेच ना? मी हेच म्हणत होतो.

---

तात्या_पाना

@बदला_राव, झाले, पण काम उघडून दाखवून झाले. आणि १,२०० देऊन इथून मागे फिरायची वाट अजूनही मोकळी आहे, ते विसरू नका.

मंजिरी, खड्डे पडलेला हात परत आत घालू नका. एकदा टब जोडला की परत तो कापायला कोणी येत नाही. करायचं तर स्पायडर बदलून करा, नाहीतर १,२०० देऊन मोकळे व्हा. हातचे २,३०० वाचवायला ५,००० पणाला लावू नयेत. दोन्ही टोकं चालतील, मधला रस्ता तेवढा नको. स्पायडर घेताना जुना शेजारी ठेवून शाफ्टची लांबी, मागचे आटे आणि बेअरिंग बसतात तिथला व्यास व्हर्नियरने मोजून घ्यायला सांगा. एक मिलिमीटरचा फरकही चालत नाही.

---

मांडवीतीर

पत्रा बघितला का?

---

मंजिरी_करवंद

हो, बघितला. खाली एका कोपऱ्यात रंग उडालाय, गंज वरवरचा आहे. नवऱ्याने घासून रंग लावला. (नवीन घ्या म्हणणाऱ्याने!)

स्पायडर बदलायचं ठरवलं. सासूबाईंचा अजून विरोध आहे.

---

वसईची_वेलची

मंजिरी, उशिरा येतेय पण एक सांगते. मशीन परत बसवताना खालच्या बाजूला बारीक छिद्रांची जाळी लावून घ्या. आमच्याकडे उंदराने वायरी कुरतडल्या होत्या आणि मेकॅनिकने आधी बोर्डच गेलाय असं सांगितलं होतं. पाच मीटर वायर आणि इन्सुलेशन टेपमध्ये काम झालं.

---

कायदेपंडित_नव्हे

ज्यांनी नवीन घ्यायचं ठरवलंय त्यांच्यासाठी: जुनं मशीन कोणाला देताय ते बघा. फ्रंट लोडचं साठ-पासष्ट किलो वजन ऐकून खूश होऊ नका, त्यातला बराच भाग सिमेंटचा ठोकळा असतो, भंगारवाला तो मोजत नाही. तांबं काढून बोर्ड कुठेतरी जाळून टाकणाऱ्यापेक्षा अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांना द्या. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई ई-कचरा नेण्याची व्यवस्था करतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकांवरही पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे, त्यामुळे एक्स्चेंजमध्ये देताना दुकानदाराला हे मशीन पुढे कुठे जातं ते विचारायला हरकत नाही.

---

मंजिरी_करवंद

टब परत आला, मशीन जोडलं. जाळीसकट. वेलची, धन्यवाद.

पहिल्यांदा रिकामंच चालवलं, मग थोडे टॉवेल. १००० वर पिळलं तरी शेजारच्या खोलीत बोलणं ऐकू येतंय. खाली जुनी चादर पसरून ठेवलीय, अजून तरी कोरडी आहे. जुनी बेअरिंग त्याने पिशवीत घालून दिली.

तात्या, आता बोअरच्या पाण्याचं काय करू? त्या खड्ड्यांचा फोटो डोळ्यांसमोरून जात नाही.

---

तात्या_पाना

साबणपूड निम्म्यावर आणा. जड पाण्यात फेस येत नाही म्हणून लोक पूड वाढवतात, आणि न विरघळलेली सगळी स्पायडरवर जाऊन बसते. शक्य तर द्रव साबण वापरा. दोन-तीन महिन्यांनी शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणावाल्याकडचं लिंबूसत्त्व, रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर चालवा. त्याहून जास्त वेळा नको, ॲल्युमिनियमला आम्लही फार मानवत नाही. त्यात ब्लीच चुकूनही घालू नका, विषारी क्लोरीन सुटतो. धुणं झालं की दार आणि साबणाचा कप्पा उघडा ठेवा.

आणि चादर आठवडाभर तशीच राहू द्या. सिलिकॉनची गळती पहिल्या दिवशी दिसतेच असं नाही.

---

बदला_राव

मंजिरी, दोन वर्षं दोन महिन्यांनी धागा वर काढेन, लक्षात ठेवा. 😀

---

लातूरची_लेक

तोवर सासूबाईंना माझा नंबर द्या.

---

सांजवारा

नमस्कार, धागा वाचून त्या वारज्याच्या मेकॅनिकचा नंबर विपूतून (खासगी निरोपातून) मिळेल का? आमचं टॉप लोड आहे, आवाज तसाच येतो पण डाग नाहीत.

---

तात्या_पाना

@सांजवारा, टॉप लोडमध्ये आवाज आला म्हणजे बेअरिंगच असं नाही. आधी खालचा गिअरबॉक्स आणि क्लच बघावा लागेल. पिळतानाच आवाज येतो की धुतानाही? ते सांगा, मग नंबर घ्या.